आजी गियर

२७ ऑक्टोबर

कर्मिटनं आज गाईचा डोळा फोडला!

इंजेक्शनं द्यायला गाई एकेक करून पिंजऱ्यात घेत होतो. एक्केचाळीस नंबर आत शिरेना. लोखंड वाजलं की ती बिचकते. कर्मिटनं दोन शिव्या दिल्या, तिसऱ्यांदा पाइप. डोळा बाहेर आला नाही — आतच फुटला. गालावरून पाणी आणि रक्त एकत्र वाहिलं. गाय ओरडलीसुद्धा नाही. नुसती मान हलवत राहिली, माशी बसल्यासारखी.

मालक फाटकापाशी होते. म्हणाले, "गाभण आहे रे ती."

"मग? डोळ्यानं विणार आहे का?" — आणि स्वतःच हसला.

स्वतःच्या बापाशी असं बोलतो. पंचेचाळीस वर्षांचा घोडा. पंधरा वर्षं तेलाच्या विहिरींवर होता, तिथून कुणी हाकललं म्हणून दोन वर्षांपूर्वी घरी आला, असं गावात म्हणतात.

माझ्या हातात सिरिंज होती. गुरांची, जाड सुई. कर्मिटची मान तिच्यापासून वीतभर लांब. एवढंच लिहितो.

माझी बहीण व्हर्ना बस स्टँडवर म्हणाली होती, "होबी, हात शिवशिवले की आधी लिही. मग काय ते कर." तिच्याच नवऱ्याचा जबडा मी मोडला, आणि मला सोडायला तीच आली. केंटकी ते मोंटाना — तीन दिवस बसमध्ये. ही वही गुरांच्या औषधवाल्यानं फुकट दिलेली आहे, खिशात मावते. गाय नंबर, वासरू नंबर, नर, मादी असे रकाने आहेत. मी रकान्यांवरून आडवं लिहितो.

२९ ऑक्टोबर

एक्केचाळीसच्या डोळ्यात मालकांनी पावडर भरली. मी धरू का विचारलं. म्हणाले, "नको. माझ्यापुढं उभी राहते ती."

राहिली!

९ नोव्हेंबर

मालकांबरोबर हरणाच्या शिकारीला गेलो. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, बर्फात माझ्यापुढं चालतो. मी धापा टाकतो, ते टाकत नाहीत. कुंपण आलं की थांबतात, बंदुकीचा बोल्ट ओढून काढतात, खिशात टाकतात, मगच तारेखालून वाकतात. "बोल्ट काढला की बंदूक नाही, काठी," म्हणाले. त्यांचा भाऊ अशाच तारेत गेला वाटतं. पुरतं सांगत नाहीत. ओर्व्हिल टोर्गर्सन कुठलंच पुरतं सांगत नाहीत.

कर्मिट पलीकडून पिकअप घेऊन आला आणि खिडकीतूनच गोळी घातली. मादी होती. पोटात लागली. मागचे पाय ओढत ती घळीत उतरली.

मालक म्हणाले, "जा, संपवून ये."

"सोड रे म्हाताऱ्या. कोल्ह्यांचाही ख्रिसमस होऊ दे." काच वर केली आणि गेला!

मालक चालायला लागले. मी मागं. तीन तास. रक्त आधी थेंब थेंब, मग काळं, मग त्यात अर्धवट पचलेलं गवत. झुडपाखाली बसलेली सापडली. आतडी बाहेर आलेली, त्यांवर बर्फ धरलेला, आणि ती आमच्याकडं बघत रवंथ करत होती. रवंथ! मालकांनी गोळी घातली. बर्फानं हात घासले. मग म्हणाले, "जनावर अर्धवट करून सोडायचं नाही, पोरा. सुरू करील त्यानं संपवायचं. त्यानं नाही केलं तर घरातल्या दुसऱ्या कुणी."

मला बरं वाटलं ऐकून. माझ्या बापानं कधी काही संपवलं नाही. पट्टा खाली ठेवायचा, दम खायचा, परत उचलायचा.

१७ नोव्हेंबर

वारा. दिवसभर वारा. बोटांना चिरा.

२४ नोव्हेंबर

कुरण बर्फात बुजून आठवडा झाला. आता एप्रिलपर्यंत रोज गवत टाकायचं, दोनशे तीस गाईंना.

इकडची तऱ्हा वेगळी आहे. लष्करानं विकलेला जुना डिझेल ट्रक, सहा चाकांचा. मागं गवताचे गठ्ठे. ट्रक सगळ्यात खालच्या गियरला टाकायचा — त्याला इथं आजी म्हणतात — स्टिअरिंग सुतळीनं खिडकीच्या दांडीला बांधायचं, आणि चालत्या गाडीतून उतरून मागं चढायचं. ट्रक एकटा चालतो! माणसाच्या चालीपेक्षाही हळू. वरून आपण काट्यानं गवत ढकलत राहायचं, गाई मागून येतात. कुंपण जवळ आलं की एकानं उडी मारायची, पळत पुढं जायचं, वळवायचं, परत बांधायचं.

पहिल्या दिवशी मी ओरडलो होतो, "अहो, गाडी कोण चालवतंय?"

कर्मिट गठ्ठ्यावर आडवा पडून हसला. "आजी चालवतेय तुझी! केंटकीत तुम्ही अजून खेचरं जुंपता का रे?"

आता सवय झाली. एकच लक्षात ठेवायचं — डिझेल नुसत्या चावीनं बंद होत नाही. स्टिअरिंगच्या डाव्या हाताला एक कळ आहे, ती ओढली की इंजिन मरतं.

८ डिसेंबर

उणे चाळीस. थुंकी खाली पडायच्या आत कडक होते — हे खोटं आहे. मी करून पाहिलं. पण जवळपास.

ट्रक सुरू होईना. रीतीप्रमाणं परातीत निखारे घालून इंजिनाखाली सरकवले, तासभर थांबलो. तरी नाही. मालक म्हणाले अजून अर्धा तास. कर्मिटला धीर कुठला! इंजिनातला हीटर चालू असतानाच ईथरचा, म्हणजे इंजिन पेटवायच्या फवाऱ्याचा, डबा हवेच्या नळीत मोकळा केला. धडाम!! निळी ज्वाळा वीतभर बाहेर आली. कर्मिटच्या भुवया गेल्या, दाढीची उजवी बाजू गेली. जळलेल्या केसांचा वास, आणि तो तसाच उभा, सोललेल्या बटाट्यासारखा.

मालकांना हसू आलं. मलाही आलं. मी गिळलं, त्यांना गिळता आलं नाही.

कर्मिटनं आधी ट्रकला घेतलं. घण उचलून ड्रायव्हरकडच्या दाराला सात-आठ घाव. कडी तुटली, दार लोंबायला लागलं. मग वळला आणि मालकांच्या तोंडावर ईथरचा रिकामा डबा मारला, जवळून, कडेनं. मालक खाली बसले. टोपी उडाली. मी पहिल्यांदाच त्यांचं डोकं उघडं पाहिलं. किती पांढरं!

मी दोन पावलं पुढं गेलो तर मालकांनीच हात वर केला. थांब म्हणून.

दार कर्मिटनं तारेनं घट्ट बांधून टाकलं. आता पलीकडच्या दारानं चढायचं.

१० डिसेंबर

गावात दुकानवाल्यानं विचारलं, "ओर्व्हिल, गालाला काय झालं?"

"गाईनं लाथ मारली."

दुकानवाल्यानं जन्मभर गाई पाळल्यात. गाईच्या खुराचे दोन वळ उठतात. इथं एक होता. त्यानं बघितलं आणि खिळे मोजून दिले.

२१ डिसेंबर

मी एक्केचाळीसला आडोशाला वेगळं गवत टाकतो. बाकीच्या तिला आंधळ्या बाजूनं ढुशा देऊन हाकलतात. कर्मिटनं आज पाहिलं. "नवरी केलीस का रे तिला?" आणि काट्याचा दांडा पाठीत.

पुढचं नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी वर होतो आणि तो खाली, आणि माझ्या मुठीखाली काहीतरी कुडुम् वाजलं. थांबता येईना. मला थांबायचं होतं आणि थांबता येत नव्हतं! मालकांनी पाण्याची बादली ओतली अंगावर. बाहेर उणे वीस आणि बादलीभर पाणी. तेव्हा सुटलो.

कर्मिट उठून बसला. दात लाल. एक थुंकला. आणि हसला. "आहे की तुझ्यात! मला वाटलं होतं तू लिहिणाराच आहेस."

त्याच्या हसण्यात आनंद होता. खरा. भाऊ सापडल्यासारखा. त्याची मला शिसारी आली, आणि त्याहून जास्त माझी.

२५ डिसेंबर

मालक दर ख्रिसमसला त्यांच्या आईच्या रीतीनं बटाट्याच्या पातळ पोळ्या करतात. लेफ्से. मोठा सपाट तवा, लांब पट्टीनं उलटायच्या. सकाळपासून लाटत होते. शीळ घालत होते! मी त्यांना शीळ घालताना कधी ऐकलं नव्हतं.

कर्मिटचं डोकं रात्रीच्या दारूनं ठणकत होतं. म्हणाला, "शीळ बंद."

मालकांनी बहुतेक ऐकलं नाही. त्यांना डाव्या कानानं कमी येतं.

कर्मिट उठला, त्यांचं उजवं मनगट धरलं आणि पंजा तव्यावर दाबला. मी टेबलापलीकडं होतो. टेबल उलथून पोचेपर्यंत — किती झालं असेल — तीन आकडे मोजण्याइतकं. पोळी आणि कातडी एकत्र चिकटली होती.

मालक ओरडले नाहीत. गाईसारखेच.

पिवळं मलम लावून पट्टी बांधली मी. म्हटलं, "मालक, शेरीफकडं चला." म्हणाले, "माझं पोरगं आहे. मीच केलंय ते." मग बराच वेळ पट्टीकडं बघत राहिले.

१ जानेवारी

मी कर्मिटला मारणार आहे. लिहूनही हात थांबत नाहीत, व्हर्ना.

कसं ते ठरलंय. तो गाडी वळवायला उडी मारून पुढं पळतो, तेव्हा पुढच्या चाकापासून हातभर अंतरावरून जातो. बर्फ. एक धक्का. गाडीत कुणीच नसतं. इथं कुणी विचारणारसुद्धा नाही — सगळेच असं गवत टाकतात, आणि दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी चाकाखाली जातंच.

४ जानेवारी

आज तो पळाला तेव्हा मी गठ्ठ्यामागं होतो. उद्या कडेला उभा राहीन.

५ जानेवारी

कडेला उभा होतो. हात पुढं झाला नाही.

९ जानेवारी

नाही झाला.

१५ जानेवारी

उजव्या हाताला टाके आहेत. डाव्यानं लिहितोय. कालचं.

आम्ही तिघंही ट्रकवर होतो. मालक हात बरा नसताना आले, ऐकेनात. गाडी आजीत, सुतळी बांधलेली. पुढं चाळीस-पन्नास पावलांवर एक्केचाळीस वाटेतच बसलेली. ट्रक तिच्या फुटक्या डोळ्याच्या बाजूनं येत होता. दिसत नव्हता तिला.

कर्मिटनं पाइप घेतला, उडी मारली, पुढं पळाला. "ऊठ, रांडे!" पहिला फटका पाठीवर. दुसरा कानावर. ती उठली ती वेडीवाकडी, भेदरून, आणि आंधळ्या बाजूनं वळताना पूर्ण अंगानं त्याच्यावर गेली. तो पडला. गाईंच्या खुरांनी चिखल खणलेला आणि तसाच दगड होऊन गोठलेला, त्या एका खड्ड्यात त्याचा पाय घोट्यापर्यंत गेलेला. अंग एकीकडं पडलं, पाय तिथंच राहिला. हाड मोडल्याचा आवाज ट्रकवर ऐकू आला. इंजिनाच्या वर!

गाडी चालत होती. डावं चाक सरळ त्याच्या रेषेत.

आधी त्यानं शिव्या दिल्या. मग नुसताच ओरडायला लागला. दोन्ही हातांनी पाय उपसत होता.

मी उडी मारायला गेलो तर कोटाची बाही फळीच्या खिळ्यात अडकली. निघेना. ओढली, ओढली, शेवटी खांद्यापासून फाटली तेव्हा खाली पडलो. पळालो. ड्रायव्हरचं दार — तारेनं बांधलेलं! मला ठाऊक होतं, आणि तरी त्याच दाराला गेलो. फिरून जायला वेळ नव्हता. काचेतून मूठ घातली. कोपरापर्यंत आत. सुतळी लागली, स्टिअरिंग लागलं, मग कळ लागली. ओढली.

इंजिन मेलं. ट्रक थांबला. पण मांडीवर.

तो जिवंत होता. परत सुरू करावी तर गाडी पुढंच जाईल की काय, ही भीती. जॅक लावला. बर्फात जॅक खचत होता, खाली काट्याचं पातं घातलं, फळी घातली. माझं रक्त जॅकच्या दांड्यावर गोठून हात चिकटत होता. कर्मिट माझ्या बुटाला धरून होता. "केंटकी, केंटकी, केंटकी" एवढंच.

मालक ट्रकवरच उभे होते. मी ओरडलो, "मालक, खाली या!" मग आले.

पिकअपमधून तालुक्याच्या दवाखान्यात. सदतीस मैल.

१७ जानेवारी

पाय मांडीतून काढला.

१९ जानेवारी

शेरीफची डेप्युटी हॅगन आली होती. बाई आहे, माझ्यापेक्षा हातभर उंच. स्वयंपाकघरात बसून कॉफी प्यायली.

"गाडी कोण चालवत होतं?"

"कुणी नाही."

"हं. आमच्याकडंही कुणी चालवत नाही." मग टेबलावरची वही दिसली. "हे काय? वासरं अजून व्हायचीत ना?"

मी थांबवायच्या आत तिनं वाचलं. सगळं. एक जानेवारी दोनदा वाचलं. माझ्या टाक्यांकडं पाहिलं. पंधरा जानेवारी वाचलं.

"मारायचं लिहिलंयस. आणि मग हात चिरून त्याला वाचवलंस."

"हो."

"का रे बाबा?"

हातच गेला पुढं. तोच हात मी इतके दिवस धरून ठेवत होतो.

बाहेर जाऊन तिनं ट्रकच्या फळ्या तपासल्या, हात फिरवून. खिळा सापडला नाही. म्हणाली, बर्फात पडला असेल. वही परत दिली. "जाळून टाक ही. किंवा नको टाकूस. तुझी तू बघ."

मालक पूर्ण वेळ चुलीपाशी पाठमोरे उभे होते.

२८ जानेवारी

दवाखान्यात गेलो. जायचं नव्हतं. कर्मिटनं निरोप धाडला होता.

निम्मा दिसतो. भुवया परत आल्यात, विरळ. म्हणाला, "बस की. चावत नाही मी आता."

मग छताकडं बघत — "केंटकी, तुला वेळ का लागला? मी बघत होतो. तुम्ही दोघं उभे होतात. शेजारी शेजारी."

"बाही खिळ्यात अडकली होती."

"आणि पप्पा?"

पप्पा! आजवर 'म्हाताऱ्या'शिवाय शब्द नव्हता.

म्हटलं, "ते मला सोडवत होते."

त्यानं तोंडावर चादर ओढली. चादर हलत होती. आतून म्हणाला, "त्या भाजलेल्या हातानं?"

"हो."

बाहेर येऊन जिन्यात बसलो.

११ फेब्रुवारी

गाय ४१. वासरू १. मादी. जिवंत. (पहिल्यांदाच रकान्यात लिहिलं!)

१६ फेब्रुवारी

एकोणीसला कर्मिटला घरी सोडणार. त्याच दिवशी दहाची बस धरायची मी ठरवलंय. व्हर्नाला फोन केला. ती म्हणाली, "हात?" म्हटलं, "बरा आहे." म्हणाली, "टाक्यांचं नाही विचारलं मी." म्हटलं, "तोही."

दुपारी घरात आलो तर मालक टेबलावर बंदूक उघडून बसलेले. नळीत तेलाचा बोळा, पुढं तीन गोळ्या उभ्या करून ठेवलेल्या. हाताची पट्टी निघालीय, कातडी गुलाबी, ताणलेली, बोटं पूर्ण मिटत नाहीत.

म्हटलं, "मालक, हरणांचा सीझन तर नोव्हेंबरातच संपला."

"कोल्ह्यांना सीझन नसतो."

"वासरांवर येतायत का?"

बोळा आत-बाहेर, आत-बाहेर. मग वर न बघता, "तू जा पोरा तुझ्या बसनं. घरातलं घरात बघतो मी. अर्धवट राहिलंय."

१९ फेब्रुवारी

बस गेली. मी गेलो नाही.

खिळा नव्हता. बाही मालकांनी धरली होती. पट्टीच्या हातानं, दुखत असताना, सगळ्या जोरानं. कानाशी म्हणाले, "राहू दे, पोरा. होऊ दे." फाटक्या कोटाला अजून पिवळं मलम आहे.

कर्मिट कुबड्यांवर आत आला. मालकांनी त्याच्या पाठीला उशी दिली. तो म्हणाला, "थँक्यू, पप्पा."

बंदूक भिंतीवर आहे. बोल्ट माझ्या खिशात.